याला काय माहीत आहे, काय नाही: ७३७ च्या एफएमसीच्या नोंदी

३ फेब्रुवारी

आजपासून एफएमसी नीट शिकायचं, म्हणजे विमानाचा रस्ता, उंची आणि वेग यांचा हिशोब ठेवणारा कॉम्प्युटर (फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटर). घरच्या सिम्युलेटरवर दोन वर्षं बोइंग ७३७-८०० उडवतोय, पण रूट बाहेरून आपोआप लोड व्हायचा आणि मी नकाशावर रूट दाखवणाऱ्या गुलाबी रेघेच्या मागे मागे जायचो एवढंच. परवा लँडिंगच्या आधी वीस मैलांवर ती रेघच संपली, विमान सरळ पुढे निघून गेलं आणि का ते मला सांगता येईना, तेव्हाच ठरवलं की आता हे मुळापासून करायचं.

मावसभाऊ याच टाइपवर फर्स्ट ऑफिसर आहे, त्याला फोन केला. म्हटलं दादा, कुठल्या पानापासून सुरू करू? तो म्हणाला, "पानं नंतर. आधी वहीत मधोमध रेघ मार. डावीकडे लिही याला काय माहीत आहे, उजवीकडे याला काय माहीत नाही. रोज भरत जा, बटणं आपोआप येतील." वही घेतली, रेघ मारली.

५ फेब्रुवारी

आज नुसती ओळख. आपण ज्यावर टाइप करतो तो सीडीयू, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड. खरा एफएमसी हा खाली इलेक्ट्रॉनिक्सच्या कप्प्यात असलेला डबा. बोलताना सगळेच सरसकट एफएमसी म्हणतात, मीही तेच म्हणणार.

पडद्यावर १४ ओळी, एका ओळीत २४ अक्षरं. वर पानाचं नाव, सगळ्यात खाली स्क्रॅचपॅड, आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा लाइन सिलेक्ट बटणं. अक्षरं ए-बी-सी-डी क्रमाने, एका ओळीत पाच, त्यामुळे कॉम्प्युटरवर टायपिंगची सवय असलेला हात सुरुवातीला सारखा अडखळतो. जे काही टाइप करू ते आधी स्क्रॅचपॅडवर येतं आणि मग ज्या ओळीत टाकायचं तिच्या शेजारचं बटण दाबायचं. उलटंही होतं, स्क्रॅचपॅड रिकामा असताना ओळीचं बटण दाबलं की ती ओळ कॉपी होऊन खाली येते. हे दोन्ही दिशांनी चालतं हे मला दोन वर्षांत माहीतच नव्हतं!! यामुळे निम्मं टायपिंग वाचतं.

चौकोनी डबे म्हणजे भरलंच पाहिजे, डॅश म्हणजे भरलं तर बरं. सीएलआर एकदा दाबलं तर एक अक्षर जातं, दाबून धरलं तर अख्खी ओळ.

८ फेब्रुवारी

आयडेंट आणि पॉस इनिट, ही सुरुवातीची दोन पानं. आयडेंट पान लोक बघतच नाहीत, मीही बघत नव्हतो. त्यावर विमानाचं मॉडेल, इंजिनाचं रेटिंग आणि नॅव्हिगेशन डेटाबेस कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत चालतो ते असतं. हा डेटाबेस दर २८ दिवसांनी बदलतो. माझा कधीच संपलेला होता. चार्टवर डिपार्चरच्या (टेकऑफनंतरच्या ठरलेल्या रस्त्याच्या) नावातला आकडा एक आणि एफएमसीत दुसरा असं का येतं याचं उत्तर समोर पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं आणि मी दोन वर्षं ते पान न वाचता पुढे जात होतो. प्रोसिजर बदलली की नावातला आकडा वाढतो, मग जुन्या डेटाबेसमध्ये नवीन नाव सापडणार कुठून.

पॉस इनिटवर विमान कुठे उभं आहे ते सांगायचं. आयआरएस म्हणजे विमानाची हालचाल आतूनच मोजणारी सिस्टिम. त्यातल्या जायरोंना पृथ्वीच्या फिरण्यावरून खरी उत्तर दिशा आणि अक्षांश कळतो पण रेखांश कळत नाही, तो आपणच द्यायचा. अलाइन व्हायला दहाएक मिनिटं लागतात, विषुववृत्ताजवळ कमी आणि ध्रुवाकडे जास्त, आणि तेवढ्या वेळात विमान हलवायचं नाही. जीपीएसची पोझिशन तिथेच दिसते, ती उचलून खाली टाकायची, हाताने टाइप करायचीच नाही.

हाताने टाइप केल्याने काय होतं याचं एक उदाहरण वाचलं. १० मार्च २०१५, सिडनीहून क्वालालंपूरला निघालेलं एअरबस ए३३०. रेखांश १५१ अंश ९.८ मिनिटं असं हवं होतं, टाइप झालं १५ अंश १९.८ मिनिटं. म्हणजे १५१०९.८ च्या जागी ०१५१९.८. विमानाच्या मते ते ११,००० किलोमीटरपेक्षा जास्त लांब, आफ्रिकेच्या बाजूला कुठेतरी उभं होतं. टेकऑफनंतर एकेक सिस्टिम गोंधळत गेली, सिडनीत ढग खाली होते म्हणून परतही येता येईना, शेवटी मेलबर्नला उतरवलं. मी ते दोन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ बघत बसलो. ओळीने वाचताना डोळ्याला खरंच ते सारखेच वाटतात.

उजवा रकाना, पहिली नोंद: आपण कुठे उभे आहोत हे याला माहीत नाही, आपण सांगू तेच खरं.

१२ फेब्रुवारी

रूट पान. कुठून, कुठे, फ्लाइट नंबर, मग डावीकडे एअरवे (आकाशातला नाव असलेला रस्ता) आणि उजवीकडे तो एअरवे जिथे सोडायचा तो पॉइंट. मधले पॉइंट स्वतःच भरतो. सोपं आहे, यावर जास्त लिहीत नाही.

फक्त एक. ॲक्टिव्हेट केलं की एक्झेकच्या, म्हणजे बदल पक्का करायच्या, बटणावरचा दिवा लागतो आणि तो दाबेपर्यंत काहीही झालेलं नसतं. लागलेला दिवा दिसला की बोट आपसूक तिकडे जातं. आज मुद्दाम हात मांडीवर ठेवून बसलो. पानाच्या शीर्षकात ॲक्टऐवजी मॉड लिहून येतं, नकाशावर नवीन रस्ता पांढऱ्या तुटक रेघेने दिसतो, जुना गुलाबीच असतो, आणि डावीकडे खाली इरेज येतं. म्हणजे पसंत नसेल तर पुसून टाका, काही बिघडत नाही. एवढी सोय दिलेली आहे आणि आपण ती अर्ध्या सेकंदात उडवून टाकतो.

१६ फेब्रुवारी

गुलाबी रेघ का संपली होती ते आज कळलं. डिपार्चर, अरायव्हल (विमानतळाकडे यायचा रस्ता), अप्रोच (रनवेकडचा शेवटचा टप्पा) हे तिन्ही वेगवेगळे तुकडे असतात आणि जिथे एकाचं शेवटचं टोक दुसऱ्याच्या पहिल्या टोकाला जुळत नाही तिथे लेग्ज पानावर (रूटमधले पॉइंट ओळीने दाखवणारं पान) पाच चौकोन येतात आणि खाली लिहून येतं रूट डिसकंटिन्युइटी, म्हणजे रस्ता तुटलेला. तिथे पोचलं की एलनॅव, म्हणजे रेघेमागे विमान वळवणारा मोड, सुटतं. एफएमसी बिघडलेला नसतो, मधला रस्ता आपण सांगितलेलाच नसतो.

जोडायची पद्धत: खालच्या पॉइंटच्या शेजारचं बटण दाबा, नाव स्क्रॅचपॅडवर येईल, मग चौकोनांच्या ओळीचं बटण दाबा. दोन बटणं, झालं. मी उत्साहाने रूटमधल्या सगळ्या डिसकंटिन्युइटी जोडून टाकल्या आणि दादाला फोटो पाठवला तर त्याचा लगेच फोन. "अरे ती व्हेक्टर्सच्या नंतरची का जोडलीस? तिथे कंट्रोलर तुला हेडिंग देणार असतो, ती मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली आहे." म्हणजे मोकळी जागा दिसली की बुजवायची असं नाही, आधी चार्ट उघडून बघायचं ती का आहे.

नॅव्हिगेशन डिस्प्ले प्लॅन मोडवर टाकून लेग्ज पानावरचं स्टेप दाबत दाबत अख्खा रूट एकेक पॉइंट चालत गेलो. प्रत्येक लेगचा कोर्स आणि अंतर चार्टशी जुळवलं. चाळीस मिनिटं लागली. खऱ्या कॉकपिटमध्ये हे दोघं मिळून चार-पाच मिनिटांत करतात, एक वाचतो दुसरा बघतो.

२३ फेब्रुवारी

आज जे झालं ते सविस्तर लिहितो.

परफ इनिट पान. माझे आकडे: झीरो फ्युएल वेट (इंधन सोडून विमानाचं वजन) ५२.४ टन, इंधन ७.८ टन, म्हणजे ग्रॉस वेट (एकूण वजन) ६०.२. डावीकडे पहिल्या ओळीत ग्रॉस वेटचा डबा आहे, तिसऱ्या ओळीत झीरो फ्युएल वेटचा. कुठलाही एक भरला की दुसरा तो इंधनावरून स्वतः काढतो. मी ५२.४ टाइप केलं आणि पहिल्या ओळीचं बटण दाबलं. काहीच तक्रार नाही. त्याने निमूटपणे ५२.४ मधून ७.८ वजा केले आणि झीरो फ्युएल वेट ४४.६ दाखवलं. ४४.६ हा अगदी शक्य असलेला आकडा आहे, जवळपास रिकामं विमान एवढंच भरतं, त्यामुळे त्याला शंका यायचं कारणच नाही.

पुढे टेकऑफ रेफ पानावर फ्लॅप्स ५ टाकले, व्ही स्पीड्स (टेकऑफचे ठरावीक वेग) आले, मी एकेक बटण दाबून घेऊन टाकले आणि निघालो. रोटेटच्या आकड्यावर नाक उचललं तर विमान उठेचना, नाक वर आणि चाकं जमिनीवर, दोन-तीन सेकंद तसंच. ७३७-८०० ची शेपूट ११ अंशाला जमिनीला टेकते आणि मी ९ वर होतो. लांब रनवे होता म्हणून निभावलं. वर गेल्यावर पॉज केलं, पानं उलटी बघत गेलो आणि सापडलं.

संध्याकाळी पार्किंगला उभं राहून प्रयोग केला. ६० टन आणि ७० टन टाकून व्ही स्पीड्स बघितले, दहा टनांना साधारण १२ नॉटचा फरक पडतो. म्हणजे माझ्या आठ टनांच्या चुकीने रोटेटचा वेग नऊ-दहा नॉट कमी आला होता.

मग याच विषयावरचं वाचत बसलो. १२ मार्च २००३, ऑकलंड, ७४७-४००: ३४७.४ टनांच्या जागी २४७.४ वर वेग काढले गेले, शेपूट रनवेवर घासली. २० मार्च २००९, मेलबर्न, ए३४०-५००: ३६२.९ च्या जागी २६२.९, तेही एफएमसीत नाही, कॉकपिटमधल्या लॅपटॉपवर. रनवे संपून गेला तरी विमान जमिनीवर होतं, शेपूट घासली, पुढचे दिवे आणि अँटेना मोडले आणि तरी ते कसंबसं उठलं, परत येऊन सुखरूप उतरलं. एकच आकडा, शंभरच्या घरातला. रोज वेगवेगळ्या वजनांनी उडणाऱ्या माणसाला २६२ हा आकडा वेगळा वाटत नाही कारण तोही त्याने कधीतरी बघितलेला असतो.

आता माझी पद्धत ठरली: फक्त झीरो फ्युएल वेट भरायचं, मग तो जो ग्रॉस वेट दाखवेल तो कागदावर मी आधीच बेरीज करून ठेवलेल्या आकड्याशी जुळवायचा. आधी कागद, मग पडदा. उलट केलं तर पडद्यावरचा आकडा बघून आपण कागदावरही तोच मान्य करतो, हे मी आज दोनदा स्वतःवर करून बघितलं.

उजवा रकाना: वजन. इंधन त्याला टाकीतल्या मापाने कळतं, पण माणसं आणि सामान किती बसलंय ते नाही.

१ मार्च

कॉस्ट इंडेक्स, म्हणजे वेळ वाचवायचा की इंधन हे सांगणारा आकडा. आठवडाभर यात रमलो होतो, निष्कर्ष छोटाच आहे. वेळेचा खर्च भागिले इंधनाचा खर्च. ७३७ एनजीवर (७३७-८०० ज्या पिढीतलं आहे ती) ० ते ५००. शून्य म्हणजे वेळेला काहीच किंमत नाही, कमीत कमी इंधनात जा. मी ३५,००० फुटांवर तेच वजन ठेवून बघितलं तर शून्याला मॅक ०.७५ (ध्वनीच्या वेगाच्या ०.७५ पट) च्या आसपास, ३० ला ०.७८ च्या आसपास, आणि पुढे कितीही वाढवलं तरी वेग थोडाथोडाच चढतो कारण वर ०.८२ ची भिंत आहे. याचा परिणाम क्लाइंब आणि डिसेंटवरही होतो. कॉस्ट इंडेक्स कमी असेल तर तो हळू उतरतो, म्हणून लवकर उतरायला सुरुवात करतो. हे आधी डोक्यात आलं नव्हतं.

१० मार्च

व्हीनॅव, म्हणजे चढण्या-उतरण्याचा रस्ता सांभाळणारा मोड. गेले चार दिवस फक्त उतरणं. तोच रूट, तोच रनवे, क्रूझमध्ये सेव्ह करून पुन्हा पुन्हा.

पहिल्या दिवशी टॉप ऑफ डिसेंट (उतरायला सुरुवात करायची जागा) आला आणि गेला, विमान ३५,००० वरच. कारण वरच्या पॅनलवर (एमसीपी) उंची ३५,००० च डायल केलेली होती. पाच मैल आधी त्याने रीसेट एमसीपी आल्ट असा मेसेजही दिला होता. पॅनलवर लावलेली उंची ओलांडून व्हीनॅव खाली जात नाही, कंट्रोलरने परवानगी दिलीय की नाही हे त्याला कळत नाही आणि आपण ती उंची खाली फिरवतो तेव्हाच तो समजतो की आता जायचं. मला हे फार आवडलं. सगळा हिशोब त्याचा पण पुढे जायची परवानगी माणसाच्या हातात.

दुसऱ्या दिवशी वेळेवर उतरायला लागलो, पण वाटेत वेग वाढत गेला आणि ड्रॅग रिक्वायर्ड (हवेचा अडथळा वाढवा) असा मेसेज आला. मागून ५० नॉटचा वारा होता. उतरण्याचा रस्ता तो आधीच आखून ठेवतो आणि त्यासाठी वारा लागतो, जो डिसेंटच्या फोरकास्ट पानावर आपण टाकायचा असतो. नाही टाकला तर त्याने धरलेला वारा आणि खरा वारा यात जेवढा फरक तेवढं विमान रस्त्याच्या वर तरी राहतं किंवा खाली तरी. तिसऱ्या दिवशी तीन उंचींवरचे वारे टाकले तर टॉप ऑफ डिसेंटचं हिरवं टिंब नकाशावर आठ मैल माझ्याकडे सरकलं, म्हणजे मागून वारा आहे तर लवकर निघ. ते टिंब सरकताना बघितलं आणि अक्षरशः खुर्चीतून उठलो, एवढं स्वच्छ उत्तर एखाद्या यंत्राने द्यावं!

तोंडी हिशोब मात्र रोज करतोय. हजार फुटांना तीन मैल. ३५,००० वरून ३,००० वर यायचं तर ३२ गुणिले ३, ९६ मैल, वेग कमी करायला दहा, म्हणजे १०६. तो १०८ म्हणाला तर ठीक, ८० म्हणाला तर लेग्ज पानावर काहीतरी चुकीचं आहे. एकदा तसंच सापडलं, एका पॉइंटला ८०००ए हवं होतं, म्हणजे आठ हजार किंवा त्याच्यावर, आणि मी नुसतं ८००० टाकलं होतं. मोठ्या अक्षरातली उंची म्हणजे बंधन, बारीक अक्षरातली म्हणजे त्याचा अंदाज. आधी मला दोन्ही एकसारखेच दिसायचे.

२२ मार्च

डायरेक्ट टू, म्हणजे मधलं सोडून थेट एखाद्या पॉइंटला जाणं. लेग्ज पानावर पुढचा कुठलाही पॉइंट खाली उचला, पहिल्या ओळीत टाका, एक्झेक. मधले सगळे पॉइंट नाहीसे होतात.

इथे थांबून कालीचा अपघात पूर्ण वाचला. २० डिसेंबर १९९५, मायामीहून कोलंबियातल्या कालीला जाणारं अमेरिकन एअरलाइन्सचं ७५७, फ्लाइट ९६५. रात्र, दोन्ही बाजूंना डोंगर, उशीर झालेला, आणि कंट्रोलरने सरळ समोरच्या रनवेवर उतरायचं विचारलं, यांनी हो म्हटलं. त्याआधीच कालीला डायरेक्ट टाकलं होतं, त्यामुळे वाटेतला तुलुआचा पॉइंट पडद्यावरून गेला होता, आणि कंट्रोलर नेमका तुलुआ ओलांडल्याचं कळवा म्हणत होता. मग कालीजवळच्या रोझो या पॉइंटला जायचं ठरलं. चार्टवर रोझोचं अक्षर आर. आर टाइप केल्यावर यादी आली, त्यात वरचा पहिला पॉइंट रोमिओ होता, बोगोटाजवळचा. रोझो त्या डेटाबेसमध्ये नुसत्या आर ने सापडतच नव्हता, पूर्ण नाव लिहावं लागलं असतं. वरचा घेतला, एक्झेक झालं, विमान अंधारात डावीकडे पूर्वेला डोंगरांच्या दिशेने वळलं. खाली उतरणं चालूच होतं. लक्षात आल्यावर परत उजवीकडे वळले, जमिनीचा इशारा वाजला, पूर्ण पॉवर दिली, पण स्पीडब्रेक (वेग आणि उचल कमी करणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या) उघडेच राहिले होते. १६३ पैकी १५९ माणसं गेली.

यावर चार दिवस दुसरं काही केलं नाही. तीच गोष्ट सिम्युलेटरवर मोकळ्या आकाशात करून बघितली, शंभराहून जास्त मैल बाजूला असलेला पॉइंट पहिल्या ओळीत टाकला. पांढरी तुटक रेघ नकाशावर भलतीकडे, पडद्याच्या कडेबाहेर गेलेली दिसते. लेग्ज पानावर कोर्स आणि अंतर दोन्ही वेडेवाकडे. म्हणजे एक्झेकच्या आधी ते दिसतं, पण दिसायला तीन सेकंद तिकडे बघावं लागतं, आणि त्या रात्री त्यांच्याकडे बाकी सगळ्यातून ते तीन सेकंद उरले नाहीत. दादा म्हणाला की बदल एकाने टाकायचा, मोठ्याने सांगायचा, दुसऱ्याने नकाशा बघून हो म्हणायचं, मगच एक्झेक. मी एकटा उडवतो तरी मोठ्याने बोलतो आता.

उजवा रकाना: डोंगर. जमिनीचा इशारा देणारी सिस्टिम वेगळी आहे, एफएमसीच्या लेग्ज पानाला मध्ये काय उभं आहे ते माहीत नाही.

५ एप्रिल

होल्ड (एका पॉइंटपाशी घिरट्या घालत थांबणं) आणि फिक्स (नकाशावर खुणेचं वर्तुळ काढणं), दोन्ही पटकन जमले. होल्डमध्ये इनबाउंड कोर्स, डावं की उजवं वळण, आणि लेगची वेळ, १४,००० फुटांपर्यंत एक मिनिट, वर दीड. बाहेर पडायचं तर एक्झिट होल्ड. फिक्स पानावर विमानतळाचं नाव टाकून स्लॅश १० दिलं की दहा मैलांचं हिरवं तुटक वर्तुळ येतं, त्या वर्तुळाला फ्लॅप्स आणि वेग ठरवून घेतो. याचा उपयोग मी आता प्रत्येक फ्लाइटला करतोय.

१९ एप्रिल

दादाला सुट्टी होती, फोन स्पीकरवर ठेवून तो कंट्रोलर झाला. बंद विमानापासून सुरुवात. पॉस इनिट, रूट, लेग्ज चालत जाणं, वजन कागदावर, सगळं बावीस मिनिटांत.

वर गेल्यावर त्याने एक डायरेक्ट दिलं, बोलून, बघून, एक्झेक. मग होल्ड, दोन फेऱ्या. आणि उतरताना ११,००० वर असताना रनवे बदलला. डिप-अराइव्ह पानावर नवीन अप्रोच निवडला, लेग्जवर डिसकंटिन्युइटी आली, चार्ट बघितला, व्हेक्टर्सची नव्हती, जोडली. एक पॉइंट दोनदा आला होता, तो काढला. उंचीची मी हाताने टाकलेली दोन बंधनं बदलात निघून गेली होती, परत टाकली. नकाशा बघितला, मोठ्याने वाचलं, तो तिकडून म्हणाला "चेक्ड", एक्झेक.

मग शांतता. मी अप्रोचला वळलो तरी लोकलायझर (रनवेच्या रेषेत आणणारा रेडिओ सिग्नल) येईना. तो काही बोलेना. मी पानं चाळली, सगळं बरोबर. मग मध्ये हात गेला तो रेडिओकडे, तिथे जुन्याच रनवेची आयएलएस (लोकलायझर ज्याचा भाग आहे ती लँडिंगची सिस्टिम) फ्रिक्वेन्सी. एफएमसीत रनवे बदलला म्हणून या विमानात रेडिओ बदलत नाही, तो हाताने लावायचा. लावला, कोर्स फिरवला, मिनिमम्सही (रनवे दिसला नाही तर जिथून परत वर जायचं ती उंची) जुनेच होते, तेही बदलले. उशीर झाला होता म्हणून गो-अराउंड केलं (न उतरता परत वर गेलो), परत आलो, नीट उतरलो.

उजव्या रकान्यात आयएलएस आणि मिनिमम्स लिहिलं. दादाने विचारलं डाव्या रकान्यात किती झालं, मी मोजलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात क्रूझ पानावरचं इंजिन आऊट उघडायचं आहे, एक इंजिन गेल्यावर तो किती उंचीपर्यंत उतर म्हणतो ते आधी कागदावर काढून मग जुळवायचं.